ड्रॅगनचे पिल्लू

सतराव्या शतकातली गोष्ट. आज ज्या देशाला स्लोव्हेनिया म्हणतात, त्या मुलखात वर्हनिका नावाच्या गावाजवळ डोंगराच्या पायथ्याशी एक झरा होता. एरवी तो शांतपणे वाहायचा. पण मध्येच त्याचे पाणी एकाएकी फुगायचे, काठ सोडून धावायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा मुकाट्याने खाली बसायचे. असे का होते, ते कोणालाच कळत नव्हते. मग लोकांनी आपल्यापुरते उत्तर शोधले. डोंगराच्या पोटात एक ड्रॅगन राहतो. त्याच्या गुहेत पाणी तुंबले आणि त्याला राहायला अडचण होऊ लागली, की तो ते सगळे पाणी बाहेर लोटून देतो!

या समजुतीला पुरावाही होता. पुराच्या पाण्याबरोबर कधीकधी एक विलक्षण प्राणी बाहेर फेकला जाई. वीतभर लांब, सापासारखा लवचीक, पण चार इवलेसे पाय असलेला. अंगाचा रंग माणसाच्या कातडीसारखा फिकट गुलाबी. मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांचे झुपके. डोळे मात्र नाहीत! असा प्राणी ना ओढ्यात दिसे, ना शेतात. मग हे ड्रॅगनचे पिल्लू नाही तर दुसरे काय?

मोठा ड्रॅगन कोणी पाहिला नव्हता. पिल्लू मात्र हातात येत होते. त्यामुळे पिल्लावरून आईबापांची कल्पना करणे सोपे होते. एवढेसे पिल्लू जर इतके चमत्कारिक, तर आत बसलेला तो महाकाय प्राणी कसा असेल?

पंधरा भागांचा ग्रंथ

ही हकीकत आज आपल्यापर्यंत पोचली ती यानेझ वायकार्ड वाल्वासोर या सरदारामुळे. वाल्वासोर हा त्या काळातला मोठा चौकस माणूस. आपल्या मुलखातल्या गुहा, तळी, गावे, चालीरीती सगळे पाहायचे, लिहायचे आणि चित्रे काढून घ्यायची, हा त्याचा ध्यास. १६८९ साली त्याने आपल्या प्रांताविषयी पंधरा भागांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथापायी त्याने घरची सगळी संपत्ती घालवली, राहता किल्लाही विकला आणि पुढे चारच वर्षांनी, १६९३ साली, त्याचे निधन झाले.

झऱ्यातल्या ड्रॅगनची कथा वाल्वासोरने लोकांकडून ऐकली आणि लिहून ठेवली. पण तिच्यावर त्याचा विश्वास बसला नाही. लोक ज्याला ड्रॅगनचे पिल्लू म्हणतात तो जमिनीखाली राहणारा, सरड्यासारखा एक साधा जीव असावा, असे त्याचे मत पडले. ज्या काळात भल्याभल्यांच्या पुस्तकांत ड्रॅगनची चित्रे छापली जात होती, त्या काळात हे धाडसच म्हणायचे.

वाल्वासोरचा अंदाज बरोबर होता. १७६८ साली योसेफस निकोलाउस लॉरेंटी या व्हिएन्नाच्या अभ्यासकाने या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले : प्रोटियस अँग्विनस. प्रोटियस हा ग्रीक पुराणातला रूपे पालटणारा समुद्रदेव आणि अँग्विनस म्हणजे सापासारखा. इंग्रजीत त्याला ‘ओल्म’ म्हणतात. स्लोव्हेनियातले लोक मात्र त्याच्या कातडीच्या रंगावरून त्याला ‘मानवी मासा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

प्रत्यक्षात ओल्म हा मासाही नाही आणि सापही नाही. तो बेडकासारखा उभयचर आहे. शेपटी असलेल्या उभयचरांच्या, म्हणजे सॅलॅमँडरच्या गटात तो मोडतो.

झऱ्याच्या भरती-ओहोटीचे कोडेही उलगडण्यासारखे आहे. डोंगराच्या आत पोकळी असते आणि तिच्यातून बाहेर येणारी वाट एखाद्या वाकड्या नळीसारखी वर चढून मग खाली उतरते. पोकळीत पाणी साचत राहते. ते नळीच्या वाकणापर्यंत चढले, की एकदम ओढले जाते आणि भसाभसा बाहेर पडते. पोकळी रिकामी झाली की थांबते. पिंपातले रॉकेल रबरी नळीने काढताना जे घडते, तेच इथे डोंगर करतो.

ड्रॅगन असा गेला. पण त्याची आठवण गेली नाही. स्लोव्हेनियाची राजधानी लुब्लियाना हिच्या मानचिन्हावर आजही ड्रॅगन आहे. तिथल्या नदीवर १९०१ साली खुल्या झालेल्या पुलाच्या चारही कोपऱ्यांवर पंख पसरलेले ड्रॅगन बसलेले आहेत. आणि युरो येण्यापूर्वी त्या देशाचे स्वतःचे चलन होते, तेव्हा त्याच्या एका छोट्या नाण्यावर ओल्मचे चित्र होते. थोरला ड्रॅगन पुलावर आणि पिल्लू खिशात, अशी वाटणी झाली म्हणायची!

काळोखातले घर

ओल्म जिथे राहतो ती भूमी समजून घेतल्याशिवाय ओल्म समजत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टचा आहे. अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने छिन्नी-हातोड्याने खोदली. स्लोव्हेनियात हे काम पाण्याने केले आहे. तिथली जमीन चुनखडीची. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल बनते आणि चुनखडीला हळूहळू विरघळवते. लक्षावधी वर्षांत भेगांच्या वाटा होतात, वाटांची भुयारे होतात आणि भुयारांतून नद्या वाहू लागतात. अशा भूमीला जगभर ‘कार्स्ट’ म्हणतात. तो शब्दही स्लोव्हेनिया आणि इटली यांच्या सीमेवरल्या क्रास नावाच्या पठारावरूनच आला आहे.

ईशान्य इटलीपासून स्लोव्हेनिया आणि क्रोएशियातून थेट बोस्निया-हर्झेगोव्हिनापर्यंत पसरलेल्या या भूमिगत पाण्यात ओल्मचे वास्तव्य आहे. तिथे ना दिवस ना रात्र, ना उन्हाळा ना हिवाळा. पाण्याचे तापमान बहुधा ८ ते ११ अंश सेल्सिअस. अशा अखंड काळोखात डोळ्यांचा उपयोग काय? ओल्मच्या पिल्लाला डोळे फुटू लागतात, पण ते पुढे वाढत नाहीत. त्यांच्यावर कातडी चढते आणि ते कायमचे झाकले जातात. चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात, न वापरलेल्या अवयवांची चर्चा करताना, या आंधळ्या प्राण्याचा उल्लेख केला आहे.

डोळे गेले, पण निसर्गाने भरपाई केली. ओल्मचे नाक तीक्ष्ण आहे. पाण्यातली बारीकशी कंपने त्याला जाणवतात. एवढेच नव्हे, तर इतर सजीवांच्या शरीराभोवती जे अतिशय क्षीण विद्युतक्षेत्र असते, तेही ओळखणारी इंद्रिये त्याच्या डोक्यावर आहेत. एखादे कोळंबीच्या जातीचे बारीक कवचधारी पोर जवळून सरकले, की काळोखातही त्याचा पत्ता लागतो. त्याची कातडीही प्रकाश ओळखते. उजेड पडला, की तो अंधाराकडे वळतो.

म्हातारपणीही बाळच

बेडकाच्या पिल्लाला आधी शेपटी आणि कल्ले असतात. मोठा होताना तो दोन्ही टाकतो, त्याला पाय फुटतात आणि तो जमिनीवर येतो. बहुतेक सॅलॅमँडरही लहानपणीचे कल्ले टाकून देतात. ओल्म मात्र बालपण सोडतच नाही. मानेवरचे ते लाल झुपके म्हणजे त्याचे कल्ले. ते जन्मभर तसेच राहतात. तो वाढतो, वीस ते तीस सेंटिमीटर लांब होतो, त्याला पिल्लेही होतात, पण शरीराचा साचा बाळाचाच. लोक त्याला ‘पिल्लू’ म्हणत होते, त्यात चूक फक्त आईबापांच्या बाबतीत झाली होती!

त्याचे सगळे आयुष्यच सावकाश चालते. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातल्या मुलीस या गावी एका गुहेत प्रयोगशाळा आहे. तिथे १९५० च्या दशकापासून ओल्म पाळले जातात. या चारशेहून अधिक प्राण्यांच्या नोंदी तपासून २०१० साली शास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातले आकडे थक्क करणारे आहेत. ओल्म वयात येतो साधारण पंधराव्या वर्षी. मादी अंडी घालते सरासरी साडेबारा वर्षांतून एकदा, आणि तीही पस्तीसच्या आसपास. प्रौढ ओल्मचे सरासरी आयुष्य सुमारे ६८ वर्षे, आणि काही ओल्म शंभरी ओलांडत असावेत, असा अंदाज निघाला.

पंधरा-वीस ग्रॅम वजनाच्या प्राण्याला शंभर वर्षांचे आयुष्य! प्राणिसृष्टीत साधारणपणे मोठा देह आणि दीर्घ आयुष्य यांची जोडी असते. हत्ती साठ-सत्तर वर्षे जगतो, उंदीर दोन-तीन. ओल्मने हा हिशेब पार उधळून लावला आहे. त्याच्या शरीराची गती इतर उभयचरांपेक्षा फारशी मंद नाही आणि पेशींना झीज होण्यापासून वाचवणारी काही खास रसायनेही त्याच्यात विशेष प्रमाणात आढळली नाहीत. त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य त्यामुळे अधिकच गडद झाले.

सात वर्षे एका जागी

ओल्म दिवसचे दिवस करतो तरी काय? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी हंगेरीच्या संशोधकांनी पूर्व हर्झेगोव्हिनातल्या पाण्याने भरलेल्या गुहांत पाणबुड्यांची पोशाख-नळकांडी चढवून अनेक वर्षे बुड्या मारल्या. सापडलेल्या ओल्मच्या कातडीखाली रंगीत खूण घालायची, त्याला जिथल्या तिथे सोडायचे आणि पुढच्या खेपेला तो कुठे सापडतो ते मोजायचे, अशी पद्धत. २०२० साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

बहुतेक ओल्म वर्षानुवर्षे आपल्या जागेपासून दहा मीटरही हलले नव्हते. आणि एक पठ्ठ्या तर असा, की २,५६९ दिवसांनी तो त्याच जागी सापडला. २,५६९ दिवस म्हणजे सात वर्षांहून अधिक! पाणबुडे आले, गेले, पुन्हा आले. जगात या काळात निवडणुका झाल्या, पूर आले, बालवाडीतली मुले पाचवीत गेली. हा मात्र आपला तिथेच.

याला आळस म्हणणे सोपे आहे. पण गुहेतल्या जगात आळस हाच शहाणपणा आहे. सूर्यप्रकाश नाही, म्हणून वनस्पती नाहीत. वनस्पती नाहीत, म्हणून अन्न दुर्मीळ. बाहेरून पुराबरोबर जो पालापाचोळा आत येतो, त्यावर जगणारे बारीक किडे, गोगलगायी आणि कवचधारी जीव हेच ओल्मचे अन्न. ते शोधत वणवण करावी, तर मिळणाऱ्या अन्नापेक्षा खर्च होणारी शक्ती अधिक. मग हालचालच कमी केलेली बरी. अन्न मिळाले तर एकदम पोटभर खायचे आणि नाही मिळाले तर वाट पाहायची. प्रयोगशाळेत ओल्म कित्येक वर्षे अन्नावाचून जगल्याच्या नोंदी आहेत. अशा वेळी त्याच्या शरीराचा व्यवहार आणखी मंदावतो आणि साठवलेल्या चरबीवर त्याची गुजराण होते.

त्याला खाणारे शत्रूही आत फारसे नाहीत. म्हणून पळण्याची घाई नाही आणि भरमसाट पिल्ले घालण्याची गरज नाही. लोककथेतल्या ड्रॅगनने डोंगर हलवला, पाणी उसळवले. खऱ्या ‘पिल्लाने’ मात्र जगण्याची एकच युक्ती साधली आहे, ती म्हणजे न हलण्याची.

चौसष्ट अंडी

ओल्मची अंडी पाहण्याचे भाग्य माणसाच्या वाट्याला क्वचितच येते. मादी ती गुहेतल्या दगडाखाली, कपारीत, एकेक करून चिकटवते. म्हणूनच २०१६ साली पोस्तोयनाच्या गुहेत जे घडले, त्याने साऱ्या स्लोव्हेनियाचे लक्ष वेधले.

पोस्तोयनाची गुहा सुमारे २४ किलोमीटर लांब आहे. १८७२ पासून तिच्यात प्रवाशांसाठी लोहमार्ग आहे. दरवर्षी जगभरचे लाखो पर्यटक ती पाहायला येतात. आतल्या एका काचेच्या हौदात काही ओल्म लोकांना दाखवण्यासाठी ठेवलेले होते. ३० जानेवारी २०१६ रोजी एका वाटाड्याच्या नजरेला काचेला चिकटलेला एक पांढरट ठिपका पडला. ते अंडे होते!

अंड्याचा आनंद झाला, तशी धास्तीही वाटली. २०१३ सालीही एका मादीने इथे अंडी घातली होती, पण ती वाचली नव्हती. हौदातले इतर ओल्मच अंडी खाऊन टाकण्याचा धोका होता. त्यामुळे बाकीच्या ओल्मना लगेच दुसरीकडे हलवण्यात आले. मादीला एकटीला अंड्यांजवळ ठेवले. उजेड येऊ नये म्हणून हौद झाकला आणि अंधारातही टिपणारा कॅमेरा लावला. त्याचे चित्र बाहेरच्या पडद्यावर पर्यटकांना दिसत असे. जवळ जाऊन काच ठोठावण्याऐवजी लोक पडद्यासमोर उभे राहत आणि एका गुलाबी सावलीची हालचाल पाहत.

मादीने पुढच्या काही आठवड्यांत ६४ अंडी घातली. त्यातली सगळी रुजली नाहीत. बुरशीची भीती होतीच. जी वाढत होती त्यांच्यावर नजर ठेवणे एवढेच गुहेतल्या जीवशास्त्रज्ञांच्या हाती होते. अंड्याच्या आत एक वक्र रेघ दिसू लागली, मग ती हलू लागली. चार महिने असे गेले. अखेर ३० मे २०१६ रोजी पहिले पिल्लू अंडे फोडून बाहेर आले. पुढच्या काही दिवसांत पिल्लांची संख्या वीसच्या वर गेली. ‘ड्रॅगनची पिल्ले जन्मली’ म्हणून जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली.

वाल्वासोरने ज्या समजुतीला तीन शतकांपूर्वी नकार दिला होता, तीच आता प्रेमाने पुन्हा मथळ्यात आली. फरक एवढाच, की त्या वेळी लोक पिल्लू पाहून घाबरत होते आणि या वेळी ते जगावे म्हणून काळजी करीत होते.

पण मधल्या काळात माणूस ओल्मशी नेहमीच इतका प्रेमाने वागला असे नाही. एकोणिसाव्या शतकात गुहा पाहायला येणाऱ्या प्रवाशांना ओल्म आठवण म्हणून विकले जात. बाटलीत घालून ते युरोपभरच्या संग्रहालयांत आणि हौशी लोकांच्या घरांत गेले. आज ओल्म पकडण्यावर आणि विकण्यावर कायद्याने बंदी आहे.

पुराने नेले की स्वतः आला?

झऱ्याच्या तोंडाशी सापडणारा ओल्म पुराबरोबर वाहत आलेला, वाट चुकलेला बिचारा असतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. इटलीत त्रिएस्तेजवळच्या झऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये या समजुतीला धक्का दिला. तिथल्या डझनभराहून अधिक झऱ्यांत त्यांना ओल्म आढळले, आणि तेही पूर नसताना. काही ओल्म पुन्हा पुन्हा त्याच झऱ्यात दिसले. काहींच्या पोटात गांडुळे होती. म्हणजे रात्रीच्या अंधारात बाहेर यायचे, उघड्यावरची मेजवानी झोडायची आणि पहाटेपूर्वी डोंगरात परतायचे, असा त्यांचा शिरस्ता असावा.

सात वर्षे न हलणारा आणि रात्री गुपचूप बाहेर पडणारा, दोन्ही एकच प्राणी. जिथे अन्न नाही तिथे थांबायचे आणि जिथे दार उघडे आहे तिथे ते वापरायचे. वर्हनिकाच्या लोकांना झऱ्याकाठी जी पिल्ले सापडली, त्यातली काही कदाचित पुराने आणलेली नसतील. ती जेवायला आली असतील!

वरून येणारे विष

ओल्मच्या या कौशल्याला एक मर्यादा आहे. उपासमार आली तर तो वाट पाहू शकतो. पाणी विषारी झाले, तर वाट पाहून काही उपयोग नाही.

साध्या जमिनीत पाऊस मातीतून, वाळूतून झिरपत जातो आणि गाळला जातो. कार्स्ट भूमी मात्र चाळणीसारखी. वर ओतलेले काहीही, भोकांतून आणि भेगांतून, थेट खालच्या नदीत जाते. शेतातले खत, गोठ्याचे सांडपाणी, कारखान्याचा कचरा, सगळे ओल्मच्या दारात.

स्लोव्हेनियाच्या आग्नेयेला बेला क्रायना नावाचा भाग आहे. तिथे क्रुपा नावाची नदी एका सुंदर झऱ्यातून उगम पावते. जवळच्या सेमिच गावात विजेचे कपॅसिटर बनवणारा कारखाना होता. १९६२ पासून तिथे पीसीबी नावाचे रसायन वापरले जाई आणि त्याचा कचरा आसपासच्या खड्ड्यांत टाकला जाई. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. खड्ड्यात टाकले, म्हणजे संपले! १९८३ साली कळले, की हे विष जमिनीखालून क्रुपाच्या झऱ्यात पोचले आहे. पीसीबी लवकर नष्ट होत नाही. ते प्राण्यांच्या चरबीत साठत जाते. कित्येक वर्षांनी तिथल्या ओल्मच्या शरीराची तपासणी झाली, तेव्हा त्यात या विषाचे प्रमाण अतिशय जास्त आढळले.

ते ओल्म जिवंत होते, हे विशेष. पण तेवढ्याने समाधान मानता येत नाही. जो प्राणी शंभर वर्षे जगतो आणि बारा वर्षांतून एकदा अंडी घालतो, त्याचा वंश संपत आला तरी बाहेरून काहीच दिसत नाही. म्हातारे ओल्म गुहेत दिसत राहतात. पिल्ले होत नाहीत, हे लक्षात यायला माणसाची एक पिढी जाते. चिमण्या कमी झाल्या तर अंगण सांगते. ओल्म कमी झाले, हे सांगणार कोण?

त्याच बेला क्रायनात १९८६ साली आणखी एक आश्चर्य उघडकीला आले होते. दोब्लिचित्सा नदीच्या उगमापाशी संशोधकांना चक्क काळा ओल्म सापडला. त्याला लहान का होईना, पण डोळे होते. १९९४ साली शास्त्रज्ञांनी ती ओल्मची वेगळी उपजाती असल्याचे जाहीर केले. हा काळा ओल्म जगात फक्त त्याच छोट्याशा भागात, मोजक्या झऱ्यांत आढळतो. वर शेती आहे, घरे आहेत. खतांतले नायट्रेट खाली उतरत आहे. एक झरा बिघडला तर त्या वंशाचा मोठा हिस्सा जाईल.

आज शास्त्रज्ञ ओल्मला न पकडताही त्याचा शोध घेऊ शकतात. प्राण्याच्या कातडीचे आणि मलमूत्राचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळलेले असतात. झऱ्याचे बाटलीभर पाणी घेऊन त्यातले डीएनए तपासले, की आत ओल्म आहे किंवा नाही हे कळते. जिथे पाणबुडा शिरू शकत नाही अशा डोंगरांच्या पोटातलीही बातमी आता बाटलीतून बाहेर येते. याचा उपयोग माणसालाही आहे. स्लोव्हेनियाच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा याच कार्स्ट भूमीतून येतो. जे पाणी ओल्मच्या कल्ल्यांतून वाहते, तेच पुढे घराघरांतल्या नळाला येते.

आपल्या विहिरीतले रहिवासी

जमिनीखाली अशी वस्ती काही एकट्या युरोपात नाही. केरळात कोकणासारखाच जांभा दगड आहे. त्याच्या पोकळ्यांत साचलेल्या पाण्यात बोटाच्या दोन पेरांएवढे, डोळे नसलेले, लालसर गुलाबी मासे राहतात. १९५० साली कोट्टयमच्या विहिरीतल्या अशा एका माशाचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्याला होराग्लॅनिस असे नाव मिळाले. हे मासे शास्त्रज्ञांना शोधून सापडत नाहीत. विहीर उपसताना, बादलीत किंवा नळाच्या पाण्यात ते अवचित येतात. म्हणून संशोधकांनी गावोगावच्या लोकांनाच मदतीला घेतले. लोकांनी कळवले, मासे जपून ठेवले, आणि त्यातून २०२३ साली एका नव्या जातीची नोंद झाली. तिचे नाव ठेवले होराग्लॅनिस पॉप्युली, म्हणजे ‘लोकांचा’. केरळच्या सामान्य माणसांचा तो गौरव होता.

बादलीत आलेला विचित्र जीव पाहून तो अपशकुन समजून फेकून देता येतो, किंवा थोडे थांबून तो कोण आहे हे विचारता येते. वाल्वासोरने विचारले. केरळच्या गृहिणींनीही विचारले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, आणि दोन्ही ठिकाणी त्यातून आपल्या पायाखालच्या पाण्याची ओळख झाली.

पोस्तोयनात २०१६ साली जन्मलेली पिल्ले शंभर वर्षे जगली, तर ती २११६ साल पाहतील. आज त्यांच्या जन्माची बातमी वाचणाऱ्यांची पतवंडे तेव्हा म्हातारी झालेली असतील. तोवर ही पिल्ले आपापल्या जागी बसून राहतील, काही मागणार नाहीत. त्यांना थंड, स्वच्छ पाणी आणि काळोख एवढेच लागते. काळोखाची काळजी डोंगर घेईल. पाण्याचे मात्र डोंगराच्या हाती नाही. ते वर राहणाऱ्या माणसांनीच सांभाळायचे आहे.